सहा रिंगा, तीन माणसं

जरीपटका, नागपूर
७ नोव्हेंबर

आयुष्मती वच्छला,

जयभीम. तू फोन उचलत नाहीस. पहिल्या दिवशी वाटलं, बसमध्ये ऐकू आलं नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ताराच्या फोनवर केला, तर ती म्हणाली, ताई वावरात गेली. दुपारी केला, तेव्हाही वावरात. संध्याकाळी केला तेव्हा मागून तुझाच आवाज आला, "सांग त्याईले, वावरात गेली म्हणून." तेव्हा आता पत्र. पत्र कोणाला उचलावं लागत नाही, पोस्टमन ते दारातून आत टाकतो.

घरी सर्व ठीक आहे. माझं जेवणखाण व्यवस्थित चालू आहे. चहाची गाळणी कुठे ठेवली तेवढं कळव. सध्या मी चहा बसू देतो आणि वरचा वरचा पितो.

तू म्हणशील, झालं काय ते मला माहीत आहे. पण मी एकतीस वर्षं वर्कशॉपचं स्टोअर सांभाळलं. चौकशीत दोन्ही बाजू क्रमाने लिहितात, म्हणून माझी बाजू लिहितो.

आपल्या अपेक्षाने तिच्या नोकरीच्या हॉटेलातून त्या सहा पितळी रिंगा आणि सहा मरून रंगाचे कापडी नॅपकिन आणले. हॉटेलने जुना माल काढला होता. तू विचारलं, हे पडद्याचं आहे का. मलाही तसंच वाटलं होतं, पण मी बोललो नाही. मग अपेक्षाने समजावलं की पूर्वी साहेबलोकांच्या घरी प्रत्येकाची रिंग ठरलेली असे. जेवण झालं की आपला नॅपकिन घडी करून आपल्या रिंगमध्ये घालायचा. पुढच्या जेवणाला ज्याचा कपडा त्यालाच मिळतो, रोज धुवावा लागत नाही. ही पद्धत मला फार पटली हे मी कबूल करतो. ज्याची वस्तू त्याच्याकडे, यासाठीच मी जन्मभर भांडलो. त्याच दिवशी मी माळ्यावरून नंबरांचे पंच काढले आणि रिंगांवर एक ते सहा ठोकले. आवाजाबद्दल तू तेव्हा काही बोलली नाहीस.

२ तारखेला कन्हानचे रंगारी कुटुंब अपेक्षाला पाहायला आले. चंद्रभानजी, नंदिनीताई, मुलगा प्रशिक आणि त्याचे मामा. चार ते, पाचवा मी, सहावी अपेक्षा. रिंगा सहा. यात मी काय चुकीचं केलं? तू वाढता वाढता हसून विचारलं, माझी कुठे आहे. मी सांगितलं, संपल्या. ही वस्तुस्थिती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू पिशवी घेऊन कुहीच्या बसमध्ये बसली. ताराकडे धान कापणी सुरू आहे, मदत लागते, हे मी मान्य करतो. शेजारीपाजारी तसंच सांगितलं आहे.

परतीची तारीख कळव.

तुझा,
प्रेमानंद

ता. क. पाटवडी रस्सा त्या दिवशी चांगला झाला होता. सांगायचं राहिलं.


१२ नोव्हेंबर

वच्छला,

उत्तर आलं नाही. पोस्टात विचारलं, ते म्हणाले कुहीला दोन दिवस पुरतात. म्हणजे पत्र पोचलं आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं की सर्व ठीक आहे. त्यात थोडी दुरुस्ती आहे. माझ्या नॅपकिनला वरणाचा डाग पडला, म्हणून सहाही नॅपकिन मशीनमध्ये घातले. सोबत माझ्या सात बनियन घातल्या. मरून रंग कच्चा होता. आता सातही बनियन गुलाबी आहेत. गॅलरीत वाळत घातल्या तेव्हा समोरच्या कांताबाई बाहेर आल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने डब्यात सांबारवडी घेऊन आल्या. मी सांगितलं, वच्छला धान कापायला गेली आहे. त्या म्हणाल्या, "हो, मले मालूम आहे काय कापायले गेली." मी पुढे विचारलं नाही.

अपेक्षा माझ्याशी कामापुरतं बोलते. ड्यूटीवर जाताना फ्रिजवर चिठ्ठी लावून जाते. "भात कुकरमध्ये." "गॅस बंद करा." काल मीच तिला टेबलाशी बसवून विचारलं की बाई, माझा गुन्हा तरी सांग. तिने सहाही रिंगा कपाटातून काढून माझ्यासमोर रांगेत ठेवल्या.

"बाबा, आपल्या घरी माणसं किती?"

मी म्हटलं, तीन.

"रिंगा सहा. तरी आईले एक नाही पुरली?"

मी तिला पाहुण्यांचा हिशेब समजावला. ती म्हणाली, पाहुण्यांना कागदाचे रुमाल दिले असते तर ते कन्हानला रडत गेले नसते. मग म्हणाली की तुम्ही नंबर ठोकले तेव्हा पाहुणे यायचं ठरलंही नव्हतं. एक नंबर तुमचा, दोन माझा, तीनवर तुम्ही चिठ्ठी लावली होती 'राखीव'. चार, पाच, सहावरही 'राखीव'. तेव्हा आई कुठे होती?

आता हे खरं आहे. मी विचार केला तर मला तू स्वयंपाकघरात दिसली. तू टेबलाशी दिसलीच नाही, म्हणून राहून गेलं. यात वाईट हेतू नव्हता.

आणखी एक दुरुस्ती. मी फक्त "संपल्या" म्हटलं नव्हतं. पुढे "तुले कायले लागते" असंही म्हटलं. एवढंच.

गाळणी सापडली. ती खिळ्यालाच होती.

प्रेमानंद


१६ नोव्हेंबर, रविवार

वच्छला,

आज मी कन्हानला जाऊन आलो. का गेलो ते आधी सांगतो. शुक्रवारी नंदिनीताईंचा फोन आला. मला वाटलं साक्षगंधाची तारीख ठरवायला असेल, म्हणून मी कॅलेंडर उतरवून समोर घेतलं. त्यांनी फक्त विचारलं, वच्छलाताई आल्या का? मी म्हटलं, धानाचं काम आहे, येईलच. त्या म्हणाल्या, आल्या की सांगा, मग बोलू. तारखेचं विचारलं तर म्हणाल्या, "घाई काय आहे, आमचं ठरलं नाही अजून."

मी कॅलेंडर परत भिंतीवर लावलं. दोघं एकमेकांना तीन वर्षांपासून ओळखतात, अपेक्षाने चार ठिकाणं नाकारून हा मुलगा घरी आणला. आणि माझ्या एका वाक्यामुळे मोडलं तर ती मला जन्मभर फ्रिजवरच्या चिठ्ठीतूनच भेटेल. म्हणून आज सकाळी बस धरली. अपेक्षाला सांगितलं नाही.

चंद्रभानजी दारातच भेटले. त्यांनी मला घरात नेलं नाही, चौकातल्या चहाच्या टपरीवर नेलं. बाकावर बसवून दोन आलूबोंडे मागवले. मी माफीची सुरुवात केली, तर ते म्हणाले, "भाऊ, ते मागून. आधी खा. मी सकाळपासून उपाशी आहे."

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी मी जे बोललो त्यावर ते हसले होते. मोठ्याने. मला आठवतं, मला तेव्हा बरंही वाटलं होतं. घरी जाताना गाडीत नंदिनीताईंनी त्यांना विचारलं, तुम्ही कायले हसले? त्यांनी सांगितलं, विनोद होता. त्या दिवसापासून नंदिनीताई त्यांना जेवायला हाक मारत नाहीत. स्वयंपाक करतात, स्वतः आणि प्रशिक टेबलाशी बसून जेवतात, भांडी घासून ठेवतात.

"तुमचं बरं आहे," ते मला म्हणाले. "तुमची बाई बहिणीकडे गेली. माही घरातच आहे."

मी त्यांना वरणाची माझी पद्धत सांगितली. त्यांनी ती कागदावर उतरवून घेतली.

निघताना घरावरून जावं लागलं. नंदिनीताई अंगणात होत्या. मी हात जोडून सांगितलं की चूक माझी आहे, त्याची शिक्षा मुलांना देऊ नका, आणि यांनाही देऊ नका, ते नुसतेच हसले. त्यांनी मला पाणी दिलं. बसा म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, मी माह्या पोराचं लग्न करून राहिली. घरी येणारी सून कोणत्या घरातून येते ते पाहीन ना मी. तिच्या आईले त्या घरात काय म्हणतात, तेच ती पोरगी शिकून येईन. वच्छलाताई माह्यासमोर खुर्चीवर बसून जेवल्या, की तारीख काढू."

मी हो म्हटलं. पण तुला आणायची कशी, ते मला कळत नाही. तू ये असं लिहिलं तर तो हुकूम होतो. अपेक्षाच्या लग्नासाठी ये असं लिहिलं तर ते तुला अडकवणं होतं. एवढं समजायला मला कन्हानहून परतीचा सगळा रस्ता लागला.

प्रेमानंद


१८ नोव्हेंबर

वच्छला,

पहिल्या पत्रात मी चौकशीचं लिहिलं होतं. ती मी केली. पण आधी कबुली.

तू विचारलं, "माझी कुठे आहे?" हसूनच विचारलं होतं. मी चार पाहुण्यांसमोर म्हटलं, "तुले कायले लागते वं, तुह्यापाशी पदर आहे ना."

हे पूर्ण वाक्य आहे. आधीच्या पत्रांत मी ते अर्धं अर्धं लिहिलं, कारण मला ते माझ्या अक्षरात पाहायचं नव्हतं. तू पाटवडीचं भांडं मामांच्या बाजूने फिरवून आणलं, सगळ्यांना वाढलं, मला दोनदा वाढलं. मला वाटलं, चांगला विनोद झाला.

आता चौकशी. रविवारी परत आल्यावर नंदिनीताईंचं वाक्य डोक्यात होतं, खुर्चीवर बसून जेवल्या की. मी आठवायला बसलो की वच्छलाला खुर्चीवर बसून जेवताना आपण शेवटचं कधी पाहिलं. लग्नकार्यात पाहिलं असेल, पण तिथेही तू बायकांच्या पंगतीत. घरातलं एकही आठवलं नाही. चौतीस वर्षांत मी जेवून हात धुतले की टीव्हीसमोर गेलो, आणि मागे काय झालं ते मागेच राहिलं.

मग विचारलं, तुला आवडतं काय. माझं उत्तर होतं, वांग्याची भाजी, कारण ती तू नेहमी करतेस. अपेक्षा म्हणाली, आईला गोडवरण आवडतं. पण थोडं थांबून म्हणाली की नाही, ते मला आवडतं. मग तीच म्हणाली, कांताबाईंना विचारा.

कांताबाईंकडे गेलो. त्यांनी मला दारात उभं ठेवून ऐकलं. मग आत बोलावून खिडकीजवळची एक खुर्ची दाखवली. म्हणाल्या, ही तिची. गेली अकरा वर्षं दर गुरुवारी तीन वाजता वच्छला इथे येते, मी तिला गरम ताट वाढते, ती बसून जेवते आणि मग आम्ही बोलतो.

वच्छला, अकरा वर्षं तू मला सांगून जात होतीस की शिवणाला जाते. मी एकदाही विचारलं नाही की शिवलं काय.

तुला काय आवडतं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. म्हणाल्या, "तिलेच विचारा. फुकट कायले सांगू?"

तर विचारतो. तुला काय आवडतं?

ये असं मी लिहीत नाही. उत्तर मात्र दे.

प्रेमानंद


कुही
२० नोव्हेंबर

अपेक्षाच्या बाबास जयभीम.

तुमची चारही पत्रं पोचली. पहिलं तारानं सगळ्याईसमोर वाचलं, तुमचे साडू बाबाराव लय हसले. दुसऱ्यापासून मी एकटीनं वाचली.

मी रागावून आली हे खरं आहे. पण राग दोन दिवसच होता. बाकीचे दिवस मले इथं चांगलं वाटून राहिलं, म्हणून राहिली. इथं दुपारी बांधावर सगळ्या जणी गोल बसतो अन् जेवतो. पहिल्या दिवशी मी चार घास खाल्ले अन् सवयीनं उठली. बायका म्हणे, कुठं चालली वं? मले सांगता नाही आलं कुठं चालली. मंग बसली.

पदराचं तुम्ही पुरं लिहिलं ते बरं केलं. नसतं लिहिलं तरी मी आली असती, पण तुमच्याशी बोलली नसती. तुम्हाले तो विनोद वाटला तं मी तुम्हाले सांगते. त्याच पदरानं मी अपेक्षाचं नाक पुसलं, तुमचा घाम पुसला, तुमची आई गेली तेव्हा तिचं तोंड पुसलं. तेव्हा मले कोणी सांगितलं नव्हतं की तो माह्या हात पुसाचा आहे.

रिंग मले नको. अपेक्षाले म्हणा, सहाही तिनं न्याव्या. नंबर मात्र घासून द्या.

नंदिनीताईचा मले रोज फोन येते. तिनं मले पहिल्याच दिवशी सांगितलं की पोरगी आम्हाले पसंत आहे. लग्न मोडत नव्हतं. पण तुम्ही आपल्या पायानं कन्हानले गेले, ते आम्हा दोघींले बरं वाटलं, म्हणून तुम्हाले कोणी सांगितलं नाही. चंद्रभानजीले आता हाक मारणं सुरू केलं म्हणे तिनं. तुम्ही सांगितलेलं वरण त्याईनं केलं, ते कोणालेच खाता नाही आलं.

वांगं मले आवडत नाही. तुम्हाले आवडते म्हणून करते. मले कारलं आवडते, गूळ न टाकता. तुमच्या घरी ते कोणी खात नाही, म्हणून कांताबाईकडे जाते.

सोमवारपासून धानाचे भारे बांधणं आहे. माणसं कमी आहेत. याचं असन तं या. पाहुणे म्हणून नका येऊ.

वच्छला


कुही, बाबारावच्या बांधावरून
२६ नोव्हेंबर, बुधवार

प्रिय अपेक्षा,

फोन न करता पत्र लिहितो याचं तुला नवल वाटेल. तुझी आई म्हणाली, तुम्ही फोनवर हुकूम देता आणि कागदावर खरं बोलता, म्हणून पोरीला कागदावरच कळवा. तारामावशीच्या नातवाच्या वहीतली पानं आहेत, म्हणून दोन्हीकडे रेघा.

मी सोमवारी दहाच्या बसने पोचलो. तुझी आई रस्त्यापर्यंत आली नाही. वावरात होती, या वेळी खरोखर. मी बांधावर जाऊन उभा राहिलो. तिने मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "चपला काढा, धान तुडवता." एकवीस दिवसांत ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मला भारे बांधायला दिले. मी बांधलेले सगळे भारे उचलताच सुटले. बाबारावने ते पुन्हा बांधले. दुसऱ्या दिवशी मला त्या कामावरून काढलं आणि दुपारचं जेवण घरून बांधावर आणून वाढायचं काम दिलं. सात बायका, बाबाराव आणि तुझी आई. कारलं तारामावशीने शिकवलं, मी केलं. गूळ टाकला नाही. काल करपलं. आज ठीक झालं आहे, असं दोघींनी सांगितलं. तिसरी म्हणाली, मीठ पाहा उद्या.

मी काल वाढायला सुरुवात केली ती बाबारावपासून, कारण हात आपोआप तिकडे गेला. तुझ्या आईच्या शेजारची बाई म्हणाली, "अवं, याईले दिशा दाखव." आज मी बायकांपासून सुरू केलं.

साक्षगंध १४ डिसेंबरला, कन्हानला. तुझ्या आईने आणि नंदिनीताईंनी फोनवर पाच मिनिटांत ठरवलं. आम्हा दोघा बापांना नंतर कळवलं. चंद्रभानजी विचारत होते, आपण त्या दिवशी वाढायचं का. मी म्हटलं, विचारायचं नसतं, तिथे जाऊन उभं राहायचं.

मी तुझ्या आईची माफी मागितली. काल संध्याकाळी, पंपाजवळ हात धुताना. मोठं भाषण तयार केलं होतं, ते विसरलो. नुसतं म्हटलं, "चुकलं माह्यं." ती म्हणाली, "हो." मग आपला ओला हात तिने माझ्या गुलाबी बनियनला पुसला. दोन्ही बाजूंनी, नीट. आणि घराकडे चालू लागली.

रविवारी आम्ही दोघं येतो. गुरुवारी तीन वाजता ती कांताबाईंकडे जाणारच आहे, असं तिने आधीच सांगून ठेवलं आहे.

थांब, वरण मागते आहे.

वाढून आलो. अपेक्षा, तुला एक सांगतो, तुला माहीत असेल तर माझ्यावर हसू नकोस. तुझी आई जेवताना बोलते. मला वाटायचं ती कमी बोलणारी बाई आहे. घास घेते, थांबते, हात हवेत ठेवून गोष्ट सांगते, सगळ्या हसल्या की मग पुढचा घास. कांदा आधी संपवते. भातात मध्ये खळगा करते आणि वरण तिथेच घ्यायचं, बाजूला सांडलं तर मला पाहते. आत्ता ती सून म्हणून आली तेव्हाची गोष्ट चालली आहे. तुझ्या आजीने तिला पहिल्या दिवशी काय विचारलं, ती काय म्हणाली. मी त्याच घरात होतो आणि मला ही गोष्ट माहीत नाही.

बाकीच्या बायका हात धुऊन कामाला लागल्या. बाबाराव कधीचाच उठला. मी भांडी घेऊन जायला उठलो होतो, पण तिचं व्हायचं आहे, म्हणून पुन्हा बसलो.

ती ताट घेऊन बसली तेव्हा हे पत्र लिहायला घेतलं. वहीची पाच पानं झाली. ती अजून जेवून राहिली आहे.

तुझा,
बाबा